टॉमीले पोहता येत नाई

टॉमी व्हर्सेटीला पोहता येत नाही. पंधरा वर्षं तुरुंगात काढून आलेला माणूस. अंगात ताडाच्या झाडांचा निळसर शर्ट, हाताला लागेल ते हत्यार. पुढं हा अर्धं शहर विकत घेतो, रणगाडा चालवतो, हेलिकॉप्टर उडवतो. पण धक्क्यावरून पाय घसरून पाण्यात पडला की संपला. हातपाय मारणं नाही, आरडाओरडा नाही. थेट दवाखान्याच्या दारात उभा. कपडे कोरडे, हत्यारं गायब, खिशातून बिलाचे पैसे वजा.

आणि हे सगळं कुठं? तर जिकडं पाहावं तिकडं समुद्र असलेल्या शहरात. व्हाइस सिटी, म्हणजे नाव बदललेलं मायामी, साल १९८६.

हा प्रकार आमच्या आबाजींनी एकदा माझ्या पाठीमागं उभं राहून पाहिला. ते सायबर कॅफेत आले होते मला कान धरून घरी न्यायला. कान धरला, पण नजर पडद्यावर गेली आणि हात सैल पडला.

"मेला?"

"हाव."

"येवढ्याशा पान्यात?"

"त्याले पोहता येत नाई, आबाजी."

"समुद्राच्या गावात राह्यते अन् पोहता येत नाई? बाप काय करत होता त्याचा?"

आमच्या वरुडाकडं पोराला पोहायला शिकवायची रीत सोपी होती. कमरेला रिकामा डबा बांधायचा आणि विहिरीत ढकलायचं. विहिरीत तेव्हा पाणी असायचं. आता आमचा तालुका भूजलाच्या यादीत अतिशोषित म्हणून लागलाय, हजार फूट बोअर मारली तरी धूळ निघते, त्यामुळं नव्या पिढीची पोरंही टॉमीइतकीच कोरडी राहणार. पण ते असो. आबाजी घरी जाईपर्यंत हळहळत होते. मी शाळा बुडवून तिथं बसलो होतो याचा त्यांना विसर पडला. टॉमीच्या बापावरचा राग मात्र पुढं कितीतरी दिवस टिकला.

हा खेळ, जीटीए व्हाइस सिटी, निघाला २००२ साली. कॉम्प्युटरवर आला २००३ मध्ये. आणि वरुडात आला तो कॅफेवाल्या भाऊच्या साळ्यानं नागपूरहून, सीताबर्डीच्या फुटपाथवरून, सीडी आणली तेव्हा. पाठोपाठ जीटीएचाच सॅन अँड्रियास. तो २००४ चा, कॉम्प्युटरवर २००५ च्या जूनमध्ये, म्हणजे ऐन मृगात. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर आंबिया बहाराचा माल तोडणीला आला होता. त्यातल्या नायकाचं नाव कार्ल जॉन्सन, सगळे म्हणतात सीजे. सीजे पोहायचा. नुसता पोहायचा नाही, बुडीसुद्धा मारायचा.

त्या दिवशी वरुडात दोन पक्ष पडले, वाईसवाले आणि अँड्रियासवाले. मधल्या वीस वर्षांत राज्यातले पक्ष फुटले, जुळले, परत फुटले, चिन्हं इकडची तिकडं झाली. आमचे दोन जसेच्या तसे आहेत. संत्र्याचा भाव, मुलाचं लग्न, कोणाच्या दशक्रियेचा दिवस, कुठलाही विषय निघो, पानठेल्यावर चौघं जमले की पाचव्या मिनिटाला कोणीतरी म्हणतोच, "काई म्हन भाऊ, पन वाईससारखा गेम झाला नाई." आणि झालं.

पक्ष कशावरून ठरले हे कोणी सांगत नाही. मी सांगतो. व्हाइस सिटीला १२८ एमबी रॅम आणि ३२ एमबीचं ग्राफिक कार्ड पुरायचं. सॅन अँड्रियासला २५६ आणि ६४ लागायचं. कॅफेत तसली एकच मशीन होती, खिडकीजवळची, पंख्याखालची, आणि ती मंडीतल्या एका अडत्याच्या पोराच्या नावावर असल्यासारखी होती. आम्ही बाकीच्या मशिनींवर. तिथं सॅन अँड्रियास टाकून पाहिला तर सीजे आधी पोचायचा आणि रस्ता मागून यायचा. बिचारा करड्या पोकळीत सायकल हाणत बसायचा. जरा वेळानं समोर एक खांब उगवायचा आणि तो त्याच्यावर आपटायचा. यावरून आम्ही असा निष्कर्ष काढला की सॅन अँड्रियास हा उथळ खेळ आहे. खरी कथा व्हाइस सिटीत. खरं वातावरण व्हाइस सिटीत. पोचत नाही ते संत्रं आंबट, हे आमच्या तालुक्यात वेगळं शिकवावं लागत नाही.

वातावरणाबद्दल आम्ही फार बोलायचो. समुद्रकिनारा, रात्रीचे गुलाबी दिवे, गाडीतल्या रेडिओवर ऐंशीच्या दशकातली गाणी. टॉमीला रे लिओटा या हॉलिवूडच्या नटानं आवाज दिलाय, हे मला पुढं शिकायला पुण्याला गेल्यावर कळलं. कारण कॅफेत स्पीकर एकच होता, तो भाऊच्या टेबलावर, आणि त्यावर शेगावच्या महाराजांची भजनं लागलेली असायची. टॉमी भर रस्त्यात मशीनगन चालवतोय आणि मागं टाळ वाजतायत, असं ते वातावरण. आजही मी कुठं व्हाइस सिटीचं चित्र पाहिलं की माझे हात आपोआप जुळतात.

मिशनं कोणी फारशी करत नव्हतं. मिशन करायचं तर पडद्यावरचं इंग्रजी वाचावं लागायचं, आणि तासाचे पैसे वाचनात घालवणं कोणालाच परवडण्यासारखं नव्हतं. सगळा भर कोडवर. कोड वहीच्या शेवटच्या पानावर. व्हाइस सिटीचे कोड निदान शब्द होते: 'पँझर' टाइप केलं की आभाळातून रणगाडा, 'अॅस्पिरिन' टाइप केलं की तब्येत ठणठणीत, आणि 'लीव्ह मी अलोन', सगळं एका दमात, मधे जागा न सोडता, टाइप केलं की मागं लागलेले पोलीस परत. आमच्या वर्गातल्या एकानं सहामाहीच्या पेपरात रजेचा अर्ज लिहिताना शेवटी हेच लिहिलं, तेही जोडून. सरांनी उभं केलं.

"हे काय आहे?"

"सर, याच्यानं पोलीस जातेत."

"मी पोलीस आहे का?"

यावर तो खरं बोलला, आणि त्याचं काय झालं ते सांगत नाही.

सॅन अँड्रियासचे कोड म्हणजे निव्वळ बीजमंत्र. हेसोयाम. एझाक्मी. बागुविक्स. अर्थ काही नाही, उच्चार महत्त्वाचा. हेसोयाम म्हटलं की तब्येत, चिलखत आणि अडीच लाख डॉलर. ज्या पोरांना रामरक्षेच्या चार ओळी धड म्हणता आल्या नाहीत, ती पोरं डोळे मिटून, अंधारात, लाईन जायच्या शेवटच्या क्षणी एझाक्मी टाइप करायची. कीबोर्डवरची तेवढीच अक्षरं झिजून गुळगुळीत झाली होती. भाऊ म्हणायचा, "जेवढी अक्षरं झिजली तेवढ्याची फी लावाले पायजे तुमाले."

लाईन. तिच्यावाचून ही कथा पुरी व्हायची नाही. ज्यांनी हे खेळ एडिनबरोत बसून रचले, त्या रॉकस्टार नॉर्थच्या लोकांनी मायामी रचलं, लॉस एंजेलिस रचलं, पाऊस पाडला, वादळ येणार म्हणून पूल बंद केले. भारनियमनाचा विचार काही त्यांच्या मनाला शिवला नाही. त्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात बारा-बारा तास वीज नसायची. आणि टॉमीची प्रगती जपून ठेवायची तर मिशन पुरं करून, पोलिसांना चुकवत, पार त्याच्या खोलीवर जायचं आणि तिथं फिरणाऱ्या कॅसेटवर उभं राहायचं. एकदा आमच्यातला एक जण लान्स नावाच्या भागीदाराला सोडवून, आयुष्यात पहिल्यांदा एक अवघड मिशन पुरं करून, हॉटेलच्या दारात पोचला. पायऱ्या चढला. कॅसेट दिसत होती. टक्. अंधार. त्या अंधारात एवढंच ऐकू आलं, "माय वो!" आणि पलीकडून भाऊ, "तास झाला नाई, पन आर्धे द्या."

त्यात ते रिमोटच्या हेलिकॉप्टरचं मिशन. ज्यानं व्हाइस सिटी खेळलाय त्याच्या पुढं याचं नाव काढा आणि चेहरा पाहा. खेळण्यातलं हेलिकॉप्टर बांधकाम चाललेल्या इमारतीत शिरवायचं, चार मजल्यांवर चार बॉम्ब ठेवायचे, तेही वेळेत, आणि आतले मजूर हातातली अवजारं घेऊन त्या हेलिकॉप्टरला झोडपायला धावायचे. कोणालाच जमेना. अखेर कळलं की मोर्शीला एक पोट्टा आहे, तो करतो. त्याला निरोप गेला. तो एसटीनं आला, बाजूला त्याचा मावसभाऊ, कॅफेत शिरल्यावर आधी हात धुतले, आलूबोंडा मागवला, रस्सा दुसऱ्यांदा घेतला, खुर्चीची उंची जमत नाही म्हणून खाली वह्या ठेवून घेतल्या. मग बोटं मोडली. मागं सगळा कॅफे गोळा झालेला. पहिला बॉम्ब. दुसरा. तिसरा. भाऊ स्वतः उठून आला, गल्ला उघडा टाकून. चौथा बॉम्ब उचलला, जिन्यातून वर निघाला...

वरुडात त्या फीडरला तीन ते सहा भारनियमन होतं. तो बुधवारचं वेळापत्रक पाहून आला होता, आणि त्या दिवशी गुरुवार होता. मोर्शीच्या पोट्ट्यानं शांतपणे हात पुसले. "मी आपलं काम केलं," म्हणाला, आणि परतीचं तिकीट आमच्याकडून घेतलं.

आणि याच काळात, हे सांगायला हवं, आम्ही व्हाइस सिटीत स्कूटरवरून पिझ्झे पोचवत होतो. पन्नास पिझ्झे पोचवले की टॉमीची ताकद वाढते. कोणी रुग्णवाहिका चालवून जखमींना दवाखान्यात नेत होतं, कोणी बंब घेऊन आगी विझवत होतं. इतकी समाजसेवा वरुडच्या तरुणांनी आधी कधी केली नव्हती आणि नंतर कधी केली नाही. माझी आई म्हणायची, "चक्कीवरून दळन आन म्हटलं त पाय दुखतेत याचे." आईला काय सांगणार? दळण आणल्यानं ताकद वाढते असं पडद्यावर कधी आलंच नाही.

आता अँड्रियासवाल्यांची बाजू. पक्षाचा असलो तरी मी अन्याय करणार नाही. त्यांचा खेळ मोठा आहे, एका शहराऐवजी तीन शहरं, मधे डोंगर, वाळवंट, शेतं. पण तो मला पुढं, चांगल्या मशीनवर, पुरा खेळायला मिळाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा गुन्हेगारीचा खेळच नव्हे. ही भाऊबंदकी आहे.

बघा. साल १९९२. सीजे पाच वर्षं गाव सोडून दूरच्या शहरात होता. आई गेली म्हणून परत येतो. थोरला भाऊ स्वीट स्मशानातच सुरू करतो: तू निघून गेलास, आम्हाला टाकून गेलास, तू पळपुटा. पुण्याहून दिवसपाण्याला आलेल्या कुठल्याही वऱ्हाडी माणसाला विचारा, हे नवीन आहे का? पुढं स्वीटचे फोन. इकडं ये, तिकडं जा, आपली हद्द दुसऱ्यांनी दाबली. सीजे विमान शिकतो, जुगाराच्या शहरात मोठी दरोडेखोरी करतो, पाठीला रॉकेट बांधून उडतो. आणि स्वीटचं म्हणणं एकच की तू घरच्याकडं लक्ष देत नाहीस. हद्दीचं तर विचारूच नका. आज हा मोहल्ला जिंकला, उद्या तुम्ही दूर डोंगरात असताना पडद्यावर सूचना की तुमच्या हद्दीवर हल्ला झालाय. धावत या, नाहीतर गेली. आमच्याकडं याला धुऱ्याचं भांडण म्हणतात. शेजाऱ्यानं नांगरताना एक तास इकडं घेतला, तुम्ही नागपूरला दवाखान्यात, आणि भावाचा फोन, "वावर जाऊन रायलं अन् तू तिकडं बसला." हे घरी फुकट मिळत असताना त्यासाठी तासाला पैसे मोजायचे, हे मला कधी पटलं नाही.

त्यात सीजेला जेवू घालावं लागतं. घातलं नाही तर वाळतो. जास्त घातलं तर पोट सुटतं आणि रस्त्यातले लोक टोमणे मारतात. सलग खात सुटलं तर ओकतो. मग त्याला व्यायामशाळेत न्यायचं, तिथंही एका दिवसात ठरावीकच व्यायाम, पुढचा उद्या. टॉमीनं सगळ्या खेळात कधी भूक लागली म्हणून तोंड वेडंवाकडं केलं नाही. अँड्रियासवाले याला वास्तवदर्शन म्हणतात. त्यांच्यातल्या एकानं सीजेला असा काही कमावला होता की दंड शर्टात मावेनात. स्वतः मात्र तो खुर्चीतून उठताना टेबलाला धरून उठायचा.

आणि बिग स्मोक! हा सीजेचा मित्र म्हणवणारा जाडा गृहस्थ. गाडीत चौघं, मागं वैरी लागलेत, गोळ्या सुटतायत, बाकीचे गोळीबार करतायत आणि हा जेवतोय. त्याआधी खिडकीतून त्यानं जी ऑर्डर दिलेली असते ती लग्नाच्या पंगतीला पुरावी. मग ते आगगाडीचं मिशन. सीजेनं फटफटी रुळांच्या बाजूनं हाणायची, बिग स्मोक मागं बसून गाडीच्या टपावरच्या लोकांवर गोळ्या झाडणार. झाडतो, लागत एकही नाही. आणि गाडी निसटली की वर सीजेलाच बोल लावतो, की तुला साधा गाडीचा पाठलाग जमला नाही. मागं बसून रस्ता सांगणारा मामा प्रत्येकाच्या घरी असतो, पण एवढा निर्लज्ज मामा मी दुसरा पाहिला नाही.

या मिशनमध्ये वरूड सपशेल नापास झालं, आणि त्याला कारण होतं. आमच्याकडं तेव्हा रेल्वेच नव्हती. गाडीच्या मागं किती जोरात जावं लागतं याचा कोणाला अंदाज नव्हता. ज्यांनी रेल्वे पाहिली होती त्यांनी मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी शकुंतला पाहिली होती. शहात्तर किलोमीटरला चार तास. तिच्या हिशोबानं फटफटी चालवली तर सीजेच्या शहरातली, लॉस सँतोसची, गाडी कधीच पुढं निघून जायची. शकुंतला असती तर बिग स्मोकनं खाली उतरून, डबा खाऊन, हात धुऊन नेम धरला असता. नंतर आमच्याकडं नरखेड ते अमरावती रूळ आले, स्टेशनाला नाव मिळालं 'वरूड ऑरेंज सिटी', पण तोपर्यंत आमच्या पिढीची मिशनं संपली होती.

सॅन अँड्रियासच्या जंगलात 'बिगफूट' नावाचं केसाळ भूत फिरतं, अशीही एक बातमी होती. ते खेळात नाहीच, असं बनवणाऱ्यांनी सांगितलं होतं. पण शासनानं सांगितलेलं आमच्याकडं कोण मानतो? अँड्रियासवाले तासन्‌तास सीजेला अंधाऱ्या झाडीत उभा करून वाट पाहायचे. काहीही व्हायचं नाही. खेळात पाऊस पडायचा. सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसांना चकव्याची सवय असते, त्यामुळं कोणी कंटाळलं नाही. उलट न दिसल्यानं खात्री वाढली. "थो दिसत नाई म्हनूनच त हाये," असा एकाचा युक्तिवाद होता. तो आता वकील आहे.

पुढं सगळे पांगले आणि परत आले. कोणी बागायतदार झाला, कोणी मंडीत बसतो, कोणी शेंदुरजना घाटला कलमांची रोपवाटिका चालवतो. वाद परिपक्व झाला, म्हणजे त्यात शेती आली. अँड्रियासवाल्यांनी एके दिवशी ब्रह्मास्त्र काढलं. म्हणाले, वर्तमानपत्रवाले वरूड-मोर्शीला काय म्हणतात? विदर्भाचा कॅलिफोर्निया. आणि सॅन अँड्रियास म्हणजे काय? कॅलिफोर्निया! म्हणजे हा आपला गेम. मायामीचा अन् आपला काय संबंध?

आमची बाजू क्षणभर गप्प झाली. मग रोपवाटिकावाला, जुना वाईसवाला, खाकरून म्हणाला, "मायामी कोन्त्या राज्यात हाये?"

"फ्लोरिडात."

"फ्लोरिडात काय पिकते?"

शांतता. मग त्यानं आकडेच काढले. २००३-०४ च्या हंगामात, म्हणजे व्हाइस सिटी ऐन भरात असताना, फ्लोरिडात संत्र्याच्या चोवीस कोटी पेट्या निघाल्या होत्या. कॅलिफोर्निया तेव्हा पार मागं. अँड्रियासवाला अडत्या म्हणाला, तेव्हाचं सोड, आजचं सांग. आणि आजचं सांगायचं तर ग्रीनिंग नावाच्या रोगानं आणि वादळांनी फ्लोरिडाची ती अवस्था झालीय की दोन कोटी पेट्याही निघत नाहीत. ग्रीनिंग म्हटल्याबरोबर सगळ्यांना आपापली बाग आठवली. कोळशी, डिंक्या, फळगळ, बांगलादेशानं वाढवलेला आयात कर यावर पाऊण तास गेला. मग एकाला आठवलं की भांडण दुसऱ्याच गोष्टीचं होतं.

"पन फ्लोरिडाचा संत्रा रसाचा. कॅलिफोर्नियाचा खायाचा. आपला खायाचा. म्हनून आपन अँड्रियास."

"आपलाही रसाचाच होनार होता. कारखाना येनार होता."

"कधी?"

"दर निवडनुकीले."

इथं नव्या खेळाचा विषय निघणं साहजिक होतं. जीटीएचा सहावा भाग परत व्हाइस सिटीत नेणार, अशी जाहिरात २०२३ च्या डिसेंबरात झळकली आणि आमच्या पक्षानं पानठेल्यावर खर्रा वाटला. आधी म्हणाले २०२५. मग २६ मे २०२६. मग १९ नोव्हेंबर २०२६. अँड्रियासवाले म्हणाले, तुमच्या गेमची तारीख आमदार देतात काय? आम्ही ऐकून घेतलं. तीनपैकी दोन तारखा निदान दिवस-महिन्यासकट मिळाल्या. कारखान्याची तर तेवढीही नाही. गमतीची गोष्ट अशी की दोन्ही बाजूंच्या घरी आज जे कॉम्प्युटर आहेत त्यांवर तो चालणार नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे. मी तर आत्तापासूनच म्हणायला लागलोय की नव्या भागात ते वातावरण नसणार.

निवाडा कोणी करायचा? दोन्ही खेळ निःपक्षपणे खेळलेला माणूस पाहिजे होता. असा तालुक्यात एकच निघाला आणि तो माझ्या घरात होता. बाबा.

बाबांचं असं झालं. शेतीची थ्री फेज लाईन आमच्याकडं रात्रीची येते. मोटर सुरू करायला वावरात जाऊन बसायचं, लाईन कधी येईल ते लाईनलाच माहीत. एका रात्री मी माझ्या मोबाइलवर दोन्ही खेळ उतरवून दिले, आता ते मोबाइलवर मिळतात, म्हटलं वेळ जाईल. व्हाइस सिटीनं त्यांचा वेळ गेला नाही. टॉमी समुद्रात बुडाला तेव्हा ते आबाजींचंच वाक्य बोलले, शब्द न बदलता, आणि आबाजींनी ते त्यांना कधी सांगितलं नव्हतं. सॅन अँड्रियासमध्ये मात्र त्यांना शेतात उभा एक ट्रॅक्टर सापडला. झालं. कथा नाही, मिशन नाही, टोळीयुद्ध नाही. बाबा रोज रात्री ट्रॅक्टर चालवतात.

"येवढी जमीन पडीत हाये रे यायची," एकदा मला म्हणाले. "अन् धुरे कुठी हायेत?"

"धुरे नाईत तिकडे, बाबा."

"मंग भांडतेत कायच्यावर?"

सीजे इतका वाळला की बरगड्या मोजाव्यात. मी म्हटलं, त्याला काही खाऊ घाला. म्हणाले, सोबत डबा कामून आणत नाही तो? शेतात एकदा एक माणूस ट्रॅक्टरखाली आला, पोलिसांचा एक तारा लागला. बाबांनी ट्रॅक्टर उभा केला, खाली उतरून पंचनाम्याची वाट पाहत थांबले, आणि पकडून नेलं तेव्हा मनापासून चिडले. "चूक त्याची व्हती. ओलीत केलेल्या वावरात चालते का कोनी?"

तर निवाड्यासाठी दोन्ही पक्ष एका रात्री आमच्या वावरात आले, टॉर्च, पोहे, तर्रीचा डबा सगळं घेऊन. बाबा खाटेवर बसले होते, हातात मोबाइल, सीजे ट्रॅक्टरवर. अडत्यानं सुरुवात केली.

"काकाजी, तुमीच सांगा आता. वाईस का अँड्रियास?"

बाबांनी मान वर केली नाही. "वाईसमंदी ट्रॅक्टर हाये का?"

"नाई," आम्ही म्हणालो.

"ईर?"

"विहीर नाई. समुद्र हाये."

"खाऱ्या पान्याचा काय उपेग?"

अँड्रियासवाल्यांनी आरोळी ठोकली. कोणीतरी शिट्टी वाजवली, शेजारच्या वावरातली कुत्री भुंकायला लागली. रोपवाटिकावाला तोंड पाडून पोह्यांवर तर्री ओतत होता. तेवढ्यात मोबाइलवर सूचना आली की तुमच्या हद्दीवर हल्ला झालाय. बाबांनी आधी कधीतरी माझ्याच पोराच्या नादानं एकदोन मोहल्ले जिंकून ठेवले होते. अँड्रियासवाले मोबाइलवर तुटून पडले.

"काकाजी, उतरा! ट्रॅक्टरवरून उतरा! मोहल्ला चालला!"

"गाडी घ्या एखादी! भाऊ वाट पाहून रायला तुमची!"

नेमका त्याच वेळी विहिरीवरच्या खोक्यातला लाल दिवा लागला. बाबांनी मोबाइल माझ्या हातात दिला, पायात चपला सरकवल्या आणि निघाले.

"काकाजी, भावाले काय सांगू?"

"थ्री फेज आली म्हना," अंधारातून आवाज आला. "लाईन गेली का येतो."